गुळाचा घुमट

ताई, तुमच्यावर मी भयंकर रागावले आहे, आणि गेलेल्या माणसावर रागावून पुढे काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही असतात तर मी सरळ माझ्या हिगाशी-कसाईच्या घरून गाडी पकडून योकोहामाला आले असते, तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले असते आणि म्हणाले असते, "घातलात ना? घातलात ना शेवटी गूळ?" तुम्ही आधण ठेवून माझ्याकडे पाठ करून आलं किसत राहिला असतात आणि म्हणाला असतात, "चहात साखर किती?" विषय टाळायची तुमची ही जुनी रीत. आता टाळायलाही तुम्ही नाही, म्हणून लिहिते आहे. उद्या सकाळी तुमचा घुमट हलवायचा आहे.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मला ते एकदा क्रमाने मांडून बघायचं आहे. आमच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ते मोठं लोखंडी टेबल आहे. त्याच्यावर घराची नाहीतर पुलाची प्रतिकृती ठेवतात, खालचं यंत्र सुरू करतात आणि टेबल भूकंपासारखं हलतं. काय टिकतं, काय पडतं, ते बघायचं; याच कामाचा मला पगार मिळतो. आमच्या सेन्सेईंच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या, डोक्यात कित्येक वर्षं एकच इमारत होती, इस्तंबूलचं आया इरिनी, बायझंटाईन काळातलं चर्च. ते एकदा भूकंपात ढासळलं होतं. ज्यांनी ते पुन्हा उभारलं त्यांनी घुमटाच्या दोन्ही बाजूंना, वरच्या मजल्याच्या पातळीवर, रुंद कमानी छतं टाकली. ती छतं घुमटाला खरंच आवरून धरतात का, एवढंच सेन्सेईंना टेबलावर बघायचं होतं. पण प्रतिकृती त्याच पद्धतीने बांधायला हवी होती: चपट्या विटा आणि चुन्यात विटांची भरड पूड. जपानमध्ये एक खिळा न मारता अख्खं देऊळ जोडणारे सुतार आहेत, पण चुन्याचा घुमट बांधलेलं माणूस सेन्सेईंना कुठे सापडेना. एका दुपारी डबा खाताना मी म्हणून गेले, "माझी थोरली जाऊ हे करायची."

करायचात, हे खरं. लग्नाआधी आणि नंतरची काही वर्षं तुम्ही पुण्यात आर्किटेक्ट होतात. किल्ल्यांतली दारूकोठारं, पाण्याची टाकी, देवळांचे घुमट दुरुस्त करायचात. मग दादांची, म्हणजे तुमच्या यजमानांची, कंपनीने योकोहामाला बदली केली. दोन वर्षांसाठी म्हणून आलात आणि राहिलात. ओळंबा आणि थापी पुण्याच्या कपाटात गेली. इथे तुम्ही स्टेशनजवळच्या बेन्तोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात बाइतो, अर्धवेळ नोकरी, केलीत, रोज सकाळी भाताच्या मुदी पाडल्यात. मी एकदा त्यावर हळहळले तर म्हणालात, "अगं, मूद म्हणजे घुमटच. फक्त आतून भरीव." तुम्ही हसलात म्हणून मीही हसले. दादा हसले नव्हते, हे मला आत्ता आठवतंय.

मोजमापं घ्यायला आम्ही इस्तंबूलला गेलो तेव्हा तुम्ही आलात. आया इरिनीत पाऊल टाकलं आणि तुमची बडबड थांबली. मला वाटलं होतं सोन्याची चित्रं, संत, मेणबत्त्या असतील. काही नाही! चारी बाजूंना उघड्या विटा आणि वर तो मोठा घुमट. समोरच्या अर्धगोलात सोनेरी पार्श्वभूमीवर एक नुसता काळा क्रूस, कारण तो घडला त्या काळात राज्यकर्त्यांना देवाची चित्रं नको होती. त्या क्रुसाखाली धर्मगुरूंना बसायला पायऱ्यापायऱ्यांची अर्धवर्तुळाकार बैठक. तुम्ही मला खांबाशी धरून नेलंत आणि वर बोट केलंत. "बघ, खालचा आराखडा जुनाच ठेवलाय, लांबट. बदल केलाय तो वर. एकदा पडलं ना, मग बांधणाऱ्यांना अक्कल आली." आधी दंगलीत जळालं, बादशहाने पुन्हा बांधलं, पुन्हा आग लागली, मग भूकंप. पुढे तुर्कांनी शहर घेतलं तेव्हा शेजारच्या मोठ्या चर्चची मशीद झाली, याची मात्र झाली नाही. इथे हत्यारं ठेवली. "देव नाही, नमाज नाही, नुसत्या तलवारी आणि तोफा," तुम्ही म्हणालात. "कुणाच्या डोळ्यावर आलं नाही म्हणून वाचलं गं बिचारं."

आणि मग तुम्ही ते केलंत. भिंतीच्या बुडाशी पडलेला मसाल्याचा एक कण उचललात, बोटांत चुरलात आणि थेट जिभेला लावलात. पहारेकरी तिकडून ओरडत आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत. तुमचा चेहरा असा उजळला होता की जणू परक्या गावात माहेरचं माणूस भेटलं आहे. "मीनल, ही सुरखी आहे. आपली सुरखी! तीच विटांची भरड, तोच रंग. आणि सांधा बघ केवढा, विटेएवढा जाड." त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की योकोहामात इतकी वर्षं तुम्ही काय गिळून बसला होतात. तुम्हाला घट्ट मिठी मारावीशी वाटली होती आणि मी कॅमेऱ्याची लेन्स पुसत बसले.

भांडण झालं ते परत आल्यावर, तुमच्याच स्वयंपाकघरात.

"चुना मुरत घातलाय. गूळ कधी घालायचा?"

"गूळ? ताई, गूळ नाही घालायचा."

"म्हणजे? आपल्याकडे गूळ पडतो, हिरड्याचं पाणी पडतं. गुळाशिवाय चुना फाटतो गं."

"आपल्याकडे. हे चर्च आहे, किल्ला नाही. त्यांच्या मसाल्यात गूळ होता याला काही आधार नाही."

"मग मध घालत असतील."

"असतील म्हणून चालत नाही. नुसता चुना, सुरखी आणि वाळू. फाटला तर फाटू दे, फाटतो का तेच तर बघायचंय."

तुम्ही मग पोळपाट उचललात आणि म्हणालात, "बरं बाई." तुमचं 'बरं बाई' म्हणजे नकार असतो हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या दिराला, निखिलला, ठाऊक आहे, दादांना तर फारच. मलाच त्या दिवशी ते होकारासारखं ऐकू आलं, कारण मला तसं ऐकायचं होतं.

तुम्ही बांधलात तो घुमट किती देखणा झाला आहे ताई! चौकोनावर गोल बसवण्यासाठी चार कोपऱ्यांतून उगवणारे ते त्रिकोणी पदर, त्यावर ते कडं, त्यावर विटांची एकेक फेरी, आत कलत जाणारी. मोरी-सान, आमचे तंत्रज्ञ, तुमच्या हाताखाली विटा कापायचे, मी तुमच्याकडून सांधे भरायला शिकत असे, आणि तुम्ही त्यांना मोडक्या जपानीत अशा दटावायचात की त्या माणसाला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं असावं. खालचं सेंटरिंग, आधाराच्या फळ्या, काढायचा दिवस मी विसरणार नाही. फळ्या एकेक करून सुटत होत्या आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे. शेवटची फळी निघाली. घुमट आपल्या जागी होता. तुम्ही बोटाच्या पेराने त्याला टकटक केलंत, कलिंगड निवडताना करतात तशी, आणि म्हणालात, "राहील." सेन्सेईंनी कमरेत वाकून तुम्हाला नमस्कार केला आणि सांगितलं की शोधनिबंधावर तुमचं नाव लागेल. तुम्ही विचारलंत, "जपानीत कसं दिसतं?" त्यांनी काताकाना लिपीत लिहून दिलं: सुनंदा. ती चिठ्ठी तुम्ही फ्रिजवर लावलीत, कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा त्या तक्त्याच्या शेजारी. ती अजून तिथेच आहे. तुम्ही नाही.

तुम्ही गेलात त्याला महिनाही झालेला नाही. मागच्या आठवड्यात मोरी-सान माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले, नेहमीपेक्षा हळू बोलत होते. "मीनल-सान, घुमटावर मुंग्या आहेत. हा तुमच्याकडचा काही विधी आहे का? म्हणून मी पुसल्या नाहीत." मी खाली गेले. उत्तरेकडच्या त्रिकोणातून निघून, सांध्यासांध्याने, घुमटाला वळसा घालत मुंग्यांची रांग चालली होती. गोणपाटावर रोज पाणी मारून ओल धरली होती, त्या पाण्यातून गोडी बाहेर येत होती. मी बोट लावून चाखायलाही गेले नाही. मला आपलं स्वयंपाकघर दिसलं, तुमची पाठ दिसली, आणि ते 'बरं बाई' ऐकू आलं, यावेळी अगदी बरोबर.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला आहे. मी सेन्सेईंना सांगितलं तर हा घुमट त्या चर्चची प्रतिकृती उरत नाही. निबंधातून तो जाणार आणि त्याच्याबरोबर तुमचं नाव जाणार. नाही सांगितलं तर कुणालाही कळणार नाही. मोरी-सान विधी समजून गप्प आहेत. मुंग्यांना जपानी येत नाही.

काल दादांकडे गेले. आधी त्यांनाच सांगितलं, कारण त्यांनी उद्यासाठी रजा टाकली आहे आणि सूट इस्त्रीला दिला आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकदम हसायला लागले, आणि हसता हसता चष्मा काढून ठेवला. "तिनेच गूळ मागवला होता माझ्याकडून. दोन ढेपा. हिगाशी-कसाईच्या त्या भारतीय दुकानातून मी पाठीवरच्या पिशवीत वाहून आणल्या. मला वाटलं पुरणपोळ्या. वाट बघून बघून थकलो, पोळ्या काही झाल्या नाहीत."

त्यांनी फ्रिजवरच्या चिठ्ठीचा उचकटलेला कोपरा अंगठ्याने दाबला.

"मीनल, मुंग्याच आहेत ना? पुसून टाक."

"दादा, तसं नाही करता येत."

"का नाही येत? दोन वर्षांसाठी म्हणून मी तिला इथे आणलं. तिने कधी तक्रार केली नाही, कर म्हटलं तरी केली नाही. तिचं एवढं एक नाव लागू दे. कुणाचं काय जातंय त्यात?"

कुणाचं काय जातंय, या प्रश्नापाशी मी कालपासून अडले आहे. आमचा आकडा छापला गेला की उद्या कुणीतरी तो उचलणार आणि खऱ्या आया इरिनीच्या डागडुजीला वापरणार. तुमच्या गुळाच्या जोरावर त्या बिनगुळाच्या भिंतीवर भरवसा टाकणार. आणि हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच. मला शिकवताना किती वेळा म्हणाला असाल, जुन्या भिंतीत आपण काय घातलं ते सांगून ठेवावं, नाहीतर पुढचा येणारा फसतो. मग स्वतः का नाही सांगितलंत? भांडण नको म्हणून? मी लहान जाऊ, माझ्यापुढे हरायला नको म्हणून? की सांगणारच होतात, वेळ मिळाला नाही? मला यातलं कुठलं उत्तर हवं आहे तेही मला कळत नाही. शेवटच्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणाला होतात, "रविवारी ये, थोडं बोलायचंय." मी म्हटलं, "बघते." त्यात काय बोलायचं होतं ताई?

उद्या सकाळी मी सेन्सेईंना सांगणार आहे. राग आला तर येऊ दे तुम्हाला.

*

सांगितलं.

सेन्सेई घुमटापाशी बराच वेळ वाकून मुंग्या बघत होते. मी तुमची बाजूही मांडली. आमच्याकडे चुन्यात गूळ घालतात, तुमच्या हाताला ती सवय होती. सेन्सेईंनी मान हलवली.

"म्हणजे याचा निकाल त्या चर्चला लावता येणार नाही."

"नाही."

"आणि सुनंदा-सानचं नाव निबंधात येऊ शकणार नाही."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. तुमचं नाव मी माझ्या हाताने खोडलं ताई. हे असं स्पष्टच लिहिते, कारण तुम्हाला गुळमुळीत बोललेलं कधी आवडलं नाही.

सेन्सेईंनी विचारलं, "त्यांचे यजमान येणार आहेत ना?" मी हो म्हटलं. "मग जसा बांधलाय तसा हलवू. हा चर्चचा घुमट नसेल, पण कुणीतरी बांधलेला घुमट आहेच." मोरी-सान टेबलावरची पाटी बदलायला आले. त्यावर चर्चच्या नावाचा क्रमांक होता, तो आता चालणार नव्हता. "काय लिहू?" त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी जाड पेनाने, एकेक अक्षर जपून, लिहिलं.

दादा आले तेव्हा पहिली नजर त्या पाटीवर गेली. काताकाना त्यांना वाचता येतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं की मी सांगून टाकलंय. मला वाटलं उठून निघून जातील. ते टायची गाठ सारखी करून काचेमागच्या खुर्चीवर बसले.

पहिला हादरा लहान होता. टेबल गुरगुरल्यासारखं हललं आणि घुमटावरची धूळ तेवढी झडली. दुसऱ्याला काही झालं नाही. तिसऱ्याला कड्याच्या बुडाशी एक केसाएवढी रेघ उमटली आणि पुढच्याला ती उत्तरेच्या त्रिकोणातून खाली उतरत गेली, मुंग्या चालत होत्या त्याच वाटेने. हजार गोष्टी पडताना मी बघितल्या आहेत, पडल्या की टिपणं काढून जेवायला गेले आहे. आज मला डोळे उघडे ठेवता येत नव्हते.

यंत्र थांबवून सेन्सेई दादांकडे वळले. एकच हादरा राहिला होता, सगळ्यात मोठा. सोप्या जपानीत, सावकाश, त्यांनी सांगितलं की इथे थांबलो तर घुमट असाच ठेवता येईल, प्रयोगशाळेच्या दारात, कायमचा. पुढे गेलो तर सांगता येत नाही. दादांनी काचेतून घुमटाकडे पाहिलं. मला खात्री होती ते थांबवा म्हणतील. मीही मनात तेच म्हणत होते.

"हलवा," दादा म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत, "शोकेसमध्ये ठेवायला नाही बांधला गं तिने."

ताई, टेबल असं उसळलं की हादरा जमिनीतून माझ्या गुडघ्यांपर्यंत आला. पश्चिमेकडच्या विटा सुटल्या, एक, मग चार, मग पूर्ण फेरीचा तुकडा, आणि लाल धुरळ्यात काही दिसेना. दादांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले आहेत. आवाज थांबला. धुरळा बसायला फार वेळ लागला. कडं एका बाजूने वाकलं होतं, मोठी भेग आरपार दिसत होती, आणि तिच्या वर तुमचा घुमट उभा होता.

मोरी-सान टाळ्या वाजवत नाहीत, पण त्यांनी हेल्मेट काढलं. दादा ओक्साबोक्शी रडले, सुटाबुटात, सगळ्यांसमोर. मग नाक पुसत मला म्हणाले, "गुळामुळे राहिला ना?"

आणि हेच तर मला सांगता येत नाही. गुळामुळे राहिला, की बाजूच्या त्या छतांमुळे, की नुसत्या तुमच्या हातामुळे, हे एका घुमटावरून कळत नाही. त्यासाठी दुसरा लागेल, अगदी असाच, फक्त बिनगुळाचा. सेन्सेईंना चर्चचं उत्तर हवंच आहे, तेव्हा तो बांधावा लागणार. आणि सुरखीत हात घातलेलं दुसरं माणूस त्यांच्याकडे मी सोडून कुणी नाही. तुमची थापी दादांनी आज माझ्या हातात दिली. विटा कुटायला शनिवारी येतो म्हणाले. दुसरी ढेप अर्धी उरली आहे, ती मी घरी आणली; तिच्या पोळ्या करून त्यांना घालायच्या आहेत. घुमटात तिचा कणसुद्धा पडणार नाही, तुम्हाला शब्द देते.

चुना आज भिजत घातला. तो मुरेल, फेऱ्या चढतील, मी चुकेन, कोपऱ्यातल्या त्रिकोणांशी अडेन आणि मागे वळून विचारायला तोंड उघडेन. मग तोही घुमट त्याच टेबलावर जाईल, तेच हादरे खाईल, आणि आपलं भांडण एकदाचं मिटेल. तो गुळाशिवाय उभा राहिला तर मी बरोबर होते, पडला तर तुम्ही. आजवर तुमच्याशी झालेल्या प्रत्येक वादात मला जिंकायचंच असायचं. हा घुमट मी जीव ओतून बांधणार आहे, एकही सांधा कच्चा सोडणार नाही, आणि तरी ताई, तो पडावा आणि तुम्ही जिंकावं, एवढंच मला हवं आहे.